आवाज मान्य आहे का?

बाबा गेल्यानंतर त्यांचा आवाज मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा यंदाच्या गणपतीत, भाटवाडीतल्या आमच्या मंडळाच्या मांडवात, लाउडस्पीकरवरून. दुसऱ्यांदा घाटकोपरला आमच्या वकिलांच्या ऑफिसात, टेबलावरच्या लॅपटॉपमधून. पहिला आवाज खोटा आहे हे मांडवातल्या सगळ्यांना माहीत होतं. दुसराही खोटाच, अशी माझी खात्री होती.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे. गणपतीत आमच्याकडे आरतीनंतर गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून घरच्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मांडतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा गाऱ्हाणं फार सुरेख घालायचे, चतुर्थीला गावच्या घरी आणि परतल्यावर मंडळात. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी औषधांच्या गोदामात नोकरी केली, तिथे दिवसभर तोंड उघडायचे नाहीत, पण गणपतीत त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. ते गेले आणि मंडळाकडे तसा माणूस उरला नाही. म्हणून माझ्या चुलतभावानं, प्रीतमनं, यंदा नवीनच प्रकार केला. तो मंडळांसाठी साउंड मिक्सिंग करतो. त्यानं गावाहून, नातेवाइकांकडून बाबांच्या जुन्या रेकॉर्डिंगा गोळा केल्या, त्या एका अ‍ॅपमध्ये घातल्या आणि बाबांच्या आवाजात नवं गाऱ्हाणं तयार केलं. नव्या इमारतीची लिफ्ट बंद पडू नये, बिल्डरला सुबुद्धी व्हावी, असं सगळं त्यात होतं. लोक हसले, काही रडलेसुद्धा. आई अर्ध्यातच उठून घरी गेली. मांडवात कोंदट होतंय, म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत राजेशकाकांनी, म्हणजे प्रीतमच्या वडिलांनी, कोर्टात बाबांच्या आवाजाची दुसरी फाईल दाखल केली.

प्रकरण आमच्या चाळीतल्या खोलीचं होतं. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर. काका लग्नानंतर मुलुंडला राहायला गेले, आम्ही इथेच राहिलो. आता चाळ पाडून इमारत होणार आणि एका खोलीमागे एक फ्लॅट मिळणार. बिल्डरला एक नाव हवं. काकांनी आधी अर्धा हिस्सा मागितला होता. आई म्हणाली, तीस वर्षांत त्यांनी इथे एक रात्र काढलेली नाही. त्यावरून बोलणं बंद झालं आणि वांद्र्याच्या कोर्टात दावा लागला. आता फाईल दाखल करताना काकांनी दाव्यात दुरुस्ती करून अख्खी खोलीच मागितली.

आमचे वकील चंद्रप्रकाश. उंच, सावकाश बोलणारे, सतत चष्मा पुसणारे. त्यांनी आईला आणि मला बोलावलं, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि म्हणाले, “वहिनी, घाबरू नका. नुसतं ऐका.”

आधी माणसांची कुजबुज, भांड्यांचा आवाज. मग बाबा.

“बा देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

वकिलांनी लॅपटॉपवर फाईल पुढे सरकवली. बाबा म्हणत होते, “ह्या घरातलो धाकटो मुंबयत हास्पिटलात पडलोहा. तेका ह्या दुखण्यातसून उठव रे म्हाराजा. तो उठान चालत घराक इलो तर भाटवाडीची खोली तेची. माझो तेच्यावर हक्क रवाचो नाय, माझ्या पाठसून माझ्या बायको-पोरांचोय रवाचो नाय. तुझ्यासमोर बोलतंय रे म्हाराजा.”

वकिलांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्यांच्या मुलांचे फोटो होते. मी त्या फोटोंकडे बघत राहिले. तो आवाज हुबेहूब होता. ‘रे’ म्हणताना बाबा किंचित खाली उतरायचे, तेसुद्धा होतं.

“काका आजारी होते का मध्ये?” वकिलांनी विचारलं.

“तीन वर्षांपूर्वी. लेप्टो झाला होता,” मी म्हटलं. “गणपतीतच. किडन्या गेल्या होत्या, व्हेंटिलेटरवर होते. पण वाचले.”

“म्हणजे गोष्ट जुळते.”

“प्रीतमला ती माहीतच आहे ना. वडील त्याचे. तो जुळवणारच.” मग मी त्यांना मांडवातलं सगळं सांगितलं.

चंद्रप्रकाश सरळ होऊन बसले. “हे बरं झालं. कसं असतं, घरातल्या घरात तोंडी वाटणी झाली तर तिला कायद्यात किंमत आहे. दशरथरावांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, हक्क सोडला, आणि घरची माणसं हजर होती, असं दाखवायचं आहे त्यांना. त्यासाठी ही फाईल. सोबत कलम त्रेसष्टचं प्रमाणपत्रही जोडलंय.”

ते प्रमाणपत्र मला पाठ आहे. मी अंधेरीला एका खासगी डिजिटल फॉरेन्सिक लॅबमध्ये काम करते, आणि नवा साक्ष्य अधिनियम आल्यापासून आमचं निम्मं काम तेच आहे. भाग अ, ज्याच्याकडे उपकरण आहे त्यानं भरायचा. भाग ब, तज्ज्ञानं भरायचा. दोन्हीत फाईलची हॅश लिहायची. हॅश म्हणजे फाईलवर गणित करून काढलेली आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी ती ओळ पार बदलते. भाग ‘अ’वर काकांची सही होती. हॅश मी तिथल्या तिथे काढून पाहिली. जुळली.

“जुळली म्हणजे खरी?” वकिलांनी विचारलं.

“नाही. जुळली म्हणजे सही केल्यानंतर कुणी हात लावलेला नाही, एवढंच. त्याआधी ते माणसानं उच्चारलं की अ‍ॅपनं, हे हॅशला कळत नाही.”

“आणि मूळ मोबाइल?”

कागदात लिहिलं होतं की रेकॉर्डिंग गावच्या भावकीतल्या चैतन्यच्या फोनवर झालं. तो गाऱ्हाणं पाठ करण्यासाठी बाबांना दरवर्षी रेकॉर्ड करायचा. तो फोन त्यानं पुढे बदलीत देऊन टाकला, आणि आता प्रत फक्त प्रीतमच्या लॅपटॉपवर होती.

“सोयीचं आहे,” मी म्हटलं.

वकिलांनी आईकडे वळून विचारलं, “वहिनी, कोर्ट तुम्हाला एकच विचारणार. हा आवाज तुमच्या यजमानांचा म्हणून मान्य आहे का?”

आईनं ग्लासातलं पाणी संपवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“अमान्य,” मी म्हटलं. “प्रीतमनं बनवलाय.”

“नक्की ना गं?” आईनं विचारलं.

“आई, मी हेच काम करते.”

“मग ही म्हणते तसंच,” आई म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं प्रतिज्ञापत्रावर सही केली: सदर आवाज माझ्या दिवंगत पतीचा नाही, अशी कोणतीही घटना माझ्यासमक्ष घडलेली नाही.

*

खात्री असली तरी मला ती मोजता यायला हवी होती. मी फिजिक्स शिकले आहे. ‘वाटतं’ या शब्दावर मी कुणाला सोडत नाही, मग स्वतःला कशी सोडणार? चैतन्यदादा आता दुबईला असतो. त्याला फोन लावला.

“दादा, प्रीतमला तू कुठल्या फायली दिल्यास?”

“होत्या त्या सगळ्या. का गो?”

“त्यात खोलीबद्दल काही होतं?”

“तू काकीक इचारलंस?” त्यानं उलट विचारलं.

“आईला कशाला? मी तुला विचारतेय.”

“काकीक इचार. माका आता कामार जावचा हा.” त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, काकांनी त्यालाही गाठलेलं दिसतंय.

लॅबमधल्या नलिनी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या लॅबच्या प्रमुख, बोलायला तुटक.

“तुझ्या घरचं प्रकरण आहे. भाग ब तू भरायचा नाहीस.”

“भरत नाही. फक्त तपासते.”

“आपल्या बाजूचं निघालं नाही तर?”

“निघेल, मॅडम.”

“मी ते विचारलं नाही,” त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

तपासणी मी एका शनिवारी दुपारी केली. तिची पद्धत सोपी आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला साधारण पन्नास वेळा मागेपुढे हेलकावते. साधारण, कारण देशात कुठे मागणी वाढली की हा वेग किंचित मंदावतो, कमी झाली की किंचित वाढतो. हा चढउतार कधीच तसाच्या तसा पुन्हा होत नाही, आणि सगळा देश एकाच जाळ्यावर असल्यामुळे अंधेरीत आणि कणकवलीत तो एकाच क्षणी सारखा असतो. ट्यूबलाइट, पंखा, फ्रिज यांची जी बारीक गुणगुण असते तिच्यात हा चढउतार उतरतो, आणि जवळपास काही रेकॉर्ड होत असेल तर त्यातही. म्हणजे विजेच्या गुणगुणीची नोंद हाताशी असेल तर एखादं रेकॉर्डिंग कोणत्या क्षणी झालं हे सांगता येतं.

नोंद माझ्याकडे होती. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती रात्रंदिवस घेत होते. त्या वर्षी गणपतीला मी गावी गेले नाही, ती त्यासाठीच. यंत्र बंद पडलं असतं तर सहा महिन्यांचं काम गेलं असतं. बाबा रागावले होते. काका हॉस्पिटलात, तू तुझ्या खोक्याजवळ, म्हणाले होते.

आधी मी मांडवातलं गाऱ्हाणं घेतलं. प्रीतमनं मूळ फाईल लावून त्याचा रील टाकला होता. त्यात बाबांच्या आवाजाखाली काहीच नव्हतं. शब्दांच्या मधल्या जागा पूर्ण रिकाम्या, जणू ते चंद्रावर उभं राहून बोलत होते. अ‍ॅपनं केलेला आवाज असाच असतो. मला बरं वाटलं.

मग कोर्टातली फाईल लावली. तिच्यात गुणगुण होती. ठीक आहे, प्रीतम साउंडवाला आहे, त्यानं ती मुद्दाम घातली असेल. गुणगुण वेगळी काढून तिचा आलेख केला, आणि तो त्या वर्षाच्या नोंदीवर सरकवत जायला संगणकाला सांगितलं. जुळणार नव्हताच. मी डबा उघडला.

दोन घास खाल्ले तोवर संगणक थांबला होता.

स्क्रीनवर एक निळी रेघ होती, एक लाल. एकमेकींवर अशा बसल्या होत्या की लाल रेघ मला आधी दिसलीच नाही. तारीख चतुर्थीची. वेळ संध्याकाळची, आरतीनंतरची. गाऱ्हाणं अकरा मिनिटं चाललं होतं, आणि त्या अकरा मिनिटांत रेघ कुठेच तुटलेली नव्हती.

मी तपासणी पुन्हा केली. मग नोंदीचं घड्याळ चुकीचं असेल म्हणून दुसऱ्या एका, नक्की तारीख माहीत असलेल्या रेकॉर्डिंगवर तीच पद्धत लावून पाहिली. घड्याळ बरोबर होतं. मग वाटलं, खऱ्या रेकॉर्डिंगवर फक्त बाबांचा आवाज नवा चिकटवला असेल. पण त्यांच्या प्रत्येक शब्दामागे आमच्या गावच्या माजघराचा घुमारा होता, आणि तोच घुमारा शिंकेला, भांड्याला, ‘व्हय म्हाराजा’लाही होता. चिकटवलेलं असं बसत नाही. निदान प्रीतमला तरी तसं बसवता येणार नाही.

आता मी फाईल हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकली. वकिलांकडे मी फक्त बाबांना ऐकलं होतं. उत्तर देणाऱ्यांकडे माझं लक्षच नव्हतं. खोलीचं वाक्य संपलं आणि पुढे शांतता होती. कुणी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं नाही. बाबांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. पुन्हा शांतता. मग एकटी एक बाई म्हणाली, “व्हय म्हाराजा.” तिच्यामागून बाकीचे.

ती आई होती.

मी हेडफोन काढले. समोर डबा उघडा होता, त्यात आईनंच सकाळी दिलेली कोबीची भाजी होती. मला तो बंद करून ठेवायचंही सुचेना. नलिनी मॅडम दारातून जाताना थांबल्या, स्क्रीनकडे पाहिलं, दोन्ही रेघा पाहिल्या. झाकण लावून डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “घरी जा.”

*

घरी आई मोरीजवळ बसून बांगडे साफ करत होती. मी दारातच म्हटलं, “ते बाबाच आहेत.”

तिचा हात थांबला नाही.

“आई, मी तपासलं. चतुर्थीचं आहे ते. गावचं. आणि तू त्यात आहेस.”

“चप्पल काढ आधी.”

मी चप्पल काढली. तिनं माशांवर मीठ टाकलं, हळद टाकली, हात धुतले. मग पदराला हात पुसत कॉटवर येऊन बसली.

“भाऊजींची सकाळी बातमी आली होती की काही खरं नाही,” ती म्हणाली. “ह्यांनी कुणाला न विचारता बोलून टाकलं. घरात आम्ही पाच-सहा माणसं. माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर नवस लागला नसता. आणि भाऊजींचं काही झालं असतं तर?”

“मग काका बरे झाले.”

“चालत घरी आले.”

“मग सांगितलं का नाही त्यांना?”

“नवस फेडेपर्यंत बाहेर कुणाकडे तोंडातून काढायचा नसतो. आपल्यात तसं आहे. ज्यानं बोलला त्यानंच जाऊन फेडायचा. हे जायला निघाले होते दिवाळीत. मुलुंडला. पेढेसुद्धा आणले होते. मी अडवलं. म्हटलं, पोरगी शिकतेय, तिचं सगळं व्हायचंय, आपण कुठं जायचं? म्हटलं, चाळ पडू दे, नवीन मिळू दे, मग बघू. ते वर्षभर बघू, बघू करत राहिले. आणि मग गेले.”

तिच्या बोलण्यात शेवटच्या दोन वाक्यांच्या मध्ये काहीच अंतर नव्हतं. नवस फेडला नाही म्हणून ते गेले, अशी ती दोन वाक्यं ती जोडते आहे हे मला तेव्हा कळलं. बाबांना झोपेत अटॅक आला होता. डॉक्टरांनी तिला ईसीजीचा कागद दाखवून समजावलं होतं. ती मान हलवत होती. आम्हाला वाटलं, समजलं.

“मग तू सही कशी केलीस, आई? शपथेवर?”

“तू म्हणालीस ना. यंत्रानं केलंय म्हणून.”

“पण तुला माहीत होतं.”

“मांडवात मी ह्यांना बोलताना ऐकलं. हे जे कधी बोललेच नाहीत ते बोलत होते. लिफ्टबिफ्ट. मला वाटलं, तसंच तेही असेल. मीच कधीतरी मनात ऐकलं असेल.” ती माझ्याकडे बघत म्हणाली, “तू इतकी खात्रीनं बोललीस गं. मला सुटल्यासारखं झालं.”

माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही बाई तिथे होती, हिनं कानांनी ऐकलं, तोंडानं उत्तर दिलं, आणि माझ्या एका वाक्यावर तिनं स्वतःचे कान खोटे ठरवले.

सोमवारी मी चंद्रप्रकाश वकिलांना फोनवर सांगितलं.

“तुमचा रिपोर्ट कोर्टात गेलाय का?”

“नाही.”

“मग नाहीच तो. ताई, ऐका. त्यांच्या मुलानं जाहीर मांडवात खोटा आवाज वाजवलाय, शेकडो साक्षीदार आहेत. मूळ फोन नाही. आपण फक्त शंका घ्यायची. आजकाल कोर्टसुद्धा आवाजाला बिचकतं. सरकारी लॅबकडे पाठवलं तरी उत्तर यायला किती काळ लागेल कुणी सांगावं. तोवर इमारत उभी राहील.”

“पण आवाज खरा आहे.”

“खरा असणं वेगळं, शाबित होणं वेगळं. खोली हवी आहे ना तुम्हाला?”

खोली हवी होती. माझ्या पगारात घाटकोपरला काय, बदलापूरलाही आम्हाला दोघींना घर मिळालं नसतं. मी आईला वकिलांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. तिनं कपाटातून तिची ठेवणीतली साडी काढली.

“मुलुंडला जाऊया,” ती म्हणाली.

*

काकांच्या घरी आम्ही दोन वर्षांनी पाऊल ठेवत होतो. इरावती काकूनं दार उघडलं आणि तिला काय करावं कळेना. तिनं आधी दार अर्धं लोटलं, मग पूर्ण उघडलं. काका बनियनवर सोफ्यात बसले होते. प्रीतम लॅपटॉप घेऊन खिडकीजवळ.

“काय वयनी, वकिलांका घेऊन नाय इलास?” काका म्हणाले.

आई बसली नाही. “भाऊजी, आवाज त्यांचोच आसा. मी कोर्टात खोटा सांगितलंय. ता मी आता परत जावन खरा सांगतलंय.”

काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला. “कसलो आवाज?”

“कसलो म्हणजे? तुमी दिलेलो.”

मला वाटलं, आता ते हसतील, किंवा ओरडतील. त्यांनी प्रीतमकडे पाहिलं. प्रीतमनं हात वर केले. “मी सांगत होतो ना तुम्हाला. शंभरदा सांगितलं.”

“तू मांडवातय सांगी होतंस, दादा बोलतासा म्हणान.”

“अहो पप्पा, ते वेगळं होतं यार.”

काकांचा चेहरा उतरत गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या तोंडावरचा रंग खरोखर जाताना पाहिला.

“काका,” मी विचारलं, “तुम्हाला ती फाईल खोटी वाटत होती?”

“माका वाटला, ह्यान बनवल्यान.”

“आणि तरी तुम्ही सही केलीत? भाग ‘अ’वर? ते शपथेसारखंच असतं.”

“तुमी बिल्डरला लिहून दिलात, राजेश हंय कधी रवलोच नाय. माझो जन्म त्या खोलयेतलो. मगे मी म्हटलंय, खोट्याक खोटा.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “मी ती फाईल ऐकूकच नाय. वकिलान सांगल्यान, चांगली आसा, चलात.”

“ऐकलीच नाहीत?”

“दादाचो खोटो आवाज कित्याक ऐकू? मांडवात ऐकलो तो पुरे झालो.”

मी पेनड्राइव्ह काढून प्रीतमला दिला. त्यानं लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. या वेळी कुणी फाईल पुढे सरकवली नाही. गावच्या देवाची नावं, पूर्वजांची नावं, शेताची, गुरांची, भावकीतल्या लग्नांची मागणी, सगळं झालं. मग बाबा धाकट्यावर आले. ‘तेका ह्या दुखण्यातसून उठव’ हे ते तीनदा म्हणाले होते. वकिलांकडे मी एकदाच ऐकलं होतं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला, आणि मागून कुणीतरी ‘पाणी दे’ म्हणालं, तेही त्यात होतं.

काका उठले, आत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. काकूनं आईला हाताला धरून बसवलं. प्रीतम मला हळूच म्हणाला, “तू मला चोर समजत होतीस ना?”

“हो.”

“झकास,” तो म्हणाला आणि लॅपटॉप बंद केला.

काका शर्ट घालून बाहेर आले. आईसमोर उभे राहिले.

“खोली माका व्हयी,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं, आता ते रडतील आणि म्हणतील, काही नको. कुठल्याही माणसानं तेच म्हटलं असतं.

“मी नको म्हटलंय तर दादाचो नवस तसोच रवतलो,” ते म्हणाले. “माझ्यासाठी बोललो तो. मी घेतल्याशिवाय फिटाचो नाय.”

“काका, नवसाला कायद्यात काही अर्थ नाही,” मी म्हटलं. “तुमचा वकीलही सांगेल. तोंडी वाटणी म्हणून...”

“दिशा, गप,” आई म्हणाली. मग काकांना म्हणाली, “कधी सोडू?”

“आधी कोर्टात जावन सांगूया दोघांनी, आपापला. मी काय केलंय तांय सांगतलंय. काय शिक्षा देतले ती देवंदेत. मगे तू खंय रवतलंस ता बघूया. घरातलीच आसस.”

“बरा,” आई म्हणाली.

एवढंच. मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी एका संध्याकाळच्या विजेचा चढउतार शोधून काढला होता, आणि त्याचा शेवट असा झाला की माझी आई घर देऊन टाकत होती आणि काकूला विचारत होती, चहात आलं घातलंयस का.

परतताना आम्ही रिक्षा केली. एलबीएस रोडला मेट्रोच्या कामामुळे सगळं तुंबलं होतं. मी आईला समजावत होते की प्रतिज्ञापत्र मागे घेणं सोपं नसतं, न्यायाधीश विचारतील, आधी खोटं का लिहिलं, कारवाईसुद्धा होऊ शकते. त्यांना काय सांगणार आहेस?

“सांगीन, पोरीचं ऐकलं,” ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, “नाही गं. सांगीन, भ्यायले होते.”

भांडुप मागे पडलं तशी तिची मान माझ्या खांद्यावर आली. मला वाटलं, रडतेय. पण ती झोपली होती, तोंड थोडं उघडं टाकून, घोरत. बाबा गेल्यापासून मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. रिक्षा खड्ड्यांतून आपटत होती, बाजूचा डंपर हॉर्न देत होता, तिला काही पत्ता नव्हता.

रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, “मॅडम, पुढे कुठे घेऊ?”

सवयीनं मी ‘घरी’ म्हणणार होते. मग मी त्याला फक्त वळण सांगितलं.